टिकलीचं औषध

"मोरचूद!" उखर्डू नानांनी निकाल दिला. "मोरचूदनं पानी पाजी दे. जंत जागावर खलास."

अंगणात शेवग्याला बांधलेली टिकली बकरी मान खाली घालून उभी होती. श्रावणाचा हिरवा चारा बांधाबांधावरून तिला हाका मारत होता आणि ही बया तोंड फिरवून उभी. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, पाठ वळणीवरच्या ओल्या लुगड्यासारखी मधेच लोंबलेली, आणि जबड्याखाली पाण्याची एक मऊ पिशवी आलेली. गल्लीतल्या दोन बकऱ्या अशीच पिशवी लोंबवीत ह्याच पावसाळ्यात गेल्या होत्या. टिकलीच्या पोटात तर नुकतंच पिल्लू धरलं होतं.

बेबाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "हाई पानी तुम्ही कोनती बकरीले पाजेल शे का?"

"मी नही. मना आजानी पाजेल व्हतं, त्यानी तांबडी बकरीले."

"मंग?"

"मंग काय? बठ्ठा जंत मरी ग्यात!"

"आनि बकरी?"

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "ती बी गई. पन जंतेसना मांगून गई."

ओसरीवर मधला दीर निंबा बसला होता. त्याच्या मते तंबाखूच्या पाण्यासारखं औषध नाही. "मी सोता रोज तंबाखू खास, वहिनी. माले कधी जंत व्हयनात का?"

"जंत नही व्हयनात. खोकला व्हयना," बेबाबाई म्हणाली, आणि निंबाला तो नेमका त्याच वेळी आला.

धाकटा दीर झुलाल पहिलवान. त्यानं तांब्याभर ताकात मूठभर लाल मिरची सांगितली. तालमीतले सगळेजण घेतात म्हणाला. कोपऱ्यावरचे दुकानदार मिश्रीलालशेठ यांनी पळसपापडीची पुडी काढून दिली आणि वर सांगितलं, "हमारे मारवाड में ऊंट को देते है, बाई. एकदम सेफ."

"ऊंट कितला, मनी टिकली कितली! देवानी कितली?"

"अंदाज से दो."

त्या एका शब्दाला बेबाबाई भ्यायली होती. मीठ अंदाजानं घालावं, पाणी अंदाजानं ओतावं. जीव अंदाजानं कसा वाचवायचा? तिनं पुडी परत केली.

त्या घरात बेबाबाईची म्हणावी अशी वस्तू ही एवढीच होती. भांड्यांवर नाव आजेसासऱ्याचं, वावर सासऱ्याचं, म्हैस नानांची, आणि पोरगीसुद्धा चांगली वागली की नानांचीच असे. टिकली मात्र बेबाबाईची. भावानं भाऊबीजेला दिलेली, मांडीएवढी असल्यापासून बाजरीच्या पेजेवर वाढवलेली. पहाटे दळताना तिच्या तोंडून आपसूक ओवी निघे:

*भाऊबीजले भाऊनी दिधी बकरी आंदन,*
*तिना कपायवर व माय, चांदनीनं गोंदन.*

कपाळावरचा तो पांढरा ठिपका आता कळकटला होता. शनिवारी बेबाबाईनं दोरी हातात घेतली आणि पाचोऱ्याच्या वाटेवर जे बाजाराचं गाव लागतं तिथल्या नव्या ढोरांच्या दवाखान्यात टिकलीला चालवत नेलं.

डॉक्टर नुकताच धुळ्याकडून आलेला, देवपुरातला तरुण पोरगा होता. त्यानं टिकलीचा जबडा चाचपला आणि म्हणाला, "जंतच आहेत. औषध देतो."

"हाई औषध कोनती बकरीले देयेल शे?"

"पुष्कळ बकऱ्यांना दिलंय, बाई."

"त्या जित्त्या शेतस?"

"आहेत की!"

"दखाडा."

"आता इथं कुठून दाखवू?" डॉक्टर हसला. "हे बघा, मी वजन करून देतो. अंदाजानं नाही." आणि खरोखरच तो एकदा स्वतः शेजारच्या कापसाच्या काट्यावर चढला, एकदा टिकलीला कवेत घेऊन चढला, आणि दोन्हींतला फरक काढून हिरवट-पिवळी भुकटी त्यानं तराजूत तोलली. पोटातल्या पिल्लाचंही विचारून घेतलं. बेबाबाईला तो पोरगा आवडला. पण आवडणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं.

"कोरडी देऊ नका, फुंकरीनं उडवून टाकेल. कणकेत कालवून ठेवा, चारताना गूळ घालून लाडू करा. आणि हो, बाई, एक गोष्ट लक्षात ठेवा, घाबरू नका, ह्या औषधानं..."

त्याच क्षणी मागं बांधलेल्या खोंडानं बाकड्याला लाथ घातली. बाकड्यावरच्या बाटल्या खाली, बाटल्यांवर खोंड, आणि खोंडावर डॉक्टर. बेबाबाईनं थोडा वेळ वाट पाहिली. पण दुसऱ्या दिवशी घरी कानबाई बसायची होती, अख्खं घर सारवायचं पडलं होतं. ती निघाली. डॉक्टरच्या तोंडातली ती एक गोष्ट तोंडातच राहिली.

कानबाई बसते तो रविवार म्हणजे खानदेशातल्या बाईला एका दिवसात माहेर आणि सासर दोन्ही. नथ-डोळे लावलेला नारळ चौरंगावर बसतो, त्याला साडी नेसवतात, आणि मग त्या नारळापुढं सुखदुःख बोलायला कोणाची आडकाठी नसते. पण तिच्या रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, कायदा कडक. घरातल्या पुरुषांमागे मुठी मोजून गहू घ्यायचा, न्हाऊन ओल्यानं दळायचा. त्या कणकेत परकी चिमूटही मिसळायची नाही. रोट खायचे ते कुळातल्यांनीच. बाहेरच्याला, मग तो घरचा जावई का असेना, तुकडा द्यायचा नाही.

बेबाबाईनं पितळी वाटीत वेगळ्या गव्हाचं पीठ घेतलं, डॉक्टरची भुकटी त्यात कालवली आणि ती वाटी नेऊन देवीच्या चौरंगावर ठेवली.

"सरकारनी दिधं, डाक्टरनी मोजं," ती हळूच म्हणाली. "पन माले तुनाबिगर दुसरं कोन शे? एक डाव नजर टाक. टिकलीले बाधाव नही ना, इतलं सांगी दे." तिनं देवीच्या माथ्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि कौलाची वाट पाहिली. फूल हललं नाही. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. मग बाहेर कढईतलं तेल तापल्याची हाक आली, आणि कौल तसाच टांगून ती चुलीकडे धावली.

आत रोटाची कणीक मळत होती सुनंदा, झुलालची बायको. लग्नानंतरची तिची पहिलीच कानबाई. भीतीपोटी तिनं तांब्या एकदम कलता केला, पाणी भसकन पडलं आणि कणीक खिरीसारखी झाली. आता काय करावं? डब्यातलं पीठ घ्यावं तर कायदा मोडतो. तिनं रडवेल्या डोळ्यांनी देवीकडे पाहिलं, आणि देवीच्या पायाशी पितळी वाटीत गव्हाचं पीठ! मोठ्या जाऊबाईंनी रोटाचंच बाजूला काढून ठेवलं असणार. जरा हिरवट-पिवळं दिसत होतं, पण देवीजवळ हळदीचा हात कुठं लागत नाही? सुनंदानं हात जोडले, वाटी पालथी केली, आणि कणीक हातात कशी छान येऊन बसली.

पंगतीला तिघे भाऊ बसले. झुलालनं पहिला रोट मोडून उजेडात धरला. "नाना, आवंदाना रोट हिरवट दिखतस."

"श्रावण शे," नाना म्हणाले. "बठ्ठं हिरवंच दिखी."

"चव मातर बेस शे," निंबा म्हणाला. "अजून दोन आन व सुनंदा."

पलीकडे, पाठ फिरवून, बेबाबाईचा जावई रतिलाल भाकरी आणि ठेचा खात होता. बायकोला न्यायला आला होता आणि नेमका कानबाईच्या दिवशी सापडला होता. प्रत्येक घासाला तो असा उसासा टाकी की भिंतीनंही वळून पाहावं. बायका शेवटी जेवल्या. दरवर्षीप्रमाणे रोट त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत, खीर आणि गंगाफळाची भाजी पोचली. ह्या रीतीचा बायकांना फायदा झाला तो त्या घराण्यात पहिल्यांदाच.

सोमवारी सकाळी उखर्डू नाना टमरेल घेऊन नाल्याकडे गेले आणि गेले तसे परत आले. ओसरीवर बसले. चहा आला तर हातानंच नको म्हणाले.

"काय व्हयनं?" बेबाबाईनं विचारलं.

"काही नही." थोड्या वेळानं, "मी काय म्हनस, मी नही राहिनू तर म्हैस झुलालले देजो."

"असं काय बोलतस सकायना पारे?"

"सहज बोलनू."

मग निंबा आला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. झुलाल तालमीत जायचा तो अर्ध्या वाटेतून फिरला आणि देवीपुढं नाक घासू लागला. सुनंदाचा ऊर भरून आला. आपल्या रोटांनी नवऱ्याला एवढी भक्ती लागली!

देवीला डोक्यावर घेऊन बायका गात-नाचत नदीकडे निघाल्या. पुरुष मागून. नाना झुलालच्या जवळ सरकले.

"झुलाल, तू आज नाल्याकडे जाई उना का?"

"जाई उनू."

"बठ्ठं बराबर?"

झुलालनं मागंपुढं पाहून घेतलं. "नाना, मी पहिलवान मानूस. पन आज घाबरनू."

"लाल?"

"कुकूसारखं!"

"मनं बी," नाना म्हणाले.

"मनं तर रंगपंचमीना रंग," मागून निंबाचा खोल आवाज आला.

तिघे वाटेतच थांबले. पुढं बायका फुगड्या खेळत होत्या आणि मागं हे तीन भाऊ एकमेकांना शेवटचं पाहून घेत होते. मग नानांना काहीतरी सुचलं. त्यांनी रतिलालला बाजूला बोलावलं.

"जवाईबुवा, एक ईचारू का? राग नका मानजात."

"ईचारा, मामा."

नानांनी त्याच्या कानात विचारलं. रतिलालनं आधी सासऱ्याकडे पाहिलं, मग दोन्ही चुलतसासऱ्यांकडे, आणि मग आवाज चढवून म्हणाला, "मनं? इहिरना पानीसारखं निर्मय!" पुढच्या बायकांनी वळून पाहिलं. कुळाबाहेर असल्याचा एवढा अभिमान कोणत्या जावयाला आजवर वाटला नसेल.

"म्हनजे फक्त कुयले लागनं," निंबा पुटपुटला. "रोट खानारेसलेच. म्हनजे देवीना कोप."

"पन कसाना कोप? आपीन काय करं?"

तिघांनी डोकं खाजवलं, आणि निंबानंच मग बोट उचललं. "टिकली! देवी घरमा आनि दुखनाईत ढोर अंगनमा. देवीले इटाळ व्हयना नही का?"

नानांना पटलं. दोष आपल्यातल्या कोणाचा नाही, हे कोणालाही चटकन पटतं. "आज बाजार शे. आजच इकी टाकूत. दुखनाईत बकरी कोन लेई? खाटिक लेई."

घरी आल्यावर बेबाबाईला हे कळलं, भावांच्या दुखण्यासकट. ती वाद घालत बसली नाही. जायचंच असेल तर निदान औषध पोटात घेऊन जाऊ दे, म्हणून ती देवघरात गेली. चौरंग रिकामा होता आणि कोनाड्यात पितळी वाटी घासूनपुसून पालथी घातलेली.

"सुनंदा, हाई वाटीमा पीठ व्हतं ना?"

"हां जिजी. रोटनंच ना? कनीक सैल व्हयनी व्हती, त्यामा टाकी दिधं."

"बठ्ठं?"

"बठ्ठं. देवीना पुढलं शे, वाया कसाले जाऊ देवो?"

बेबाबाई खाली बसली. एका डोळ्यापुढं तिला टिकली दिसू लागली आणि एका डोळ्यापुढं नाना. आधी कोण दिसलं, हे तिनं पुढं जन्मभर कोणाला सांगितलं नाही.

"जिजी, मनं काही चुकनं का व?" सुनंदा तिच्याजवळ खाली बसली.

बेबाबाईनं त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. पहिली कानबाई, हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. "नही व माय," ती म्हणाली. "वाटी बेस घासेल शे तू."

मग तिनं बाहेर येऊन टिकलीची दोरी सोडली. "मीच लई जास बाजारमा. पन तुम्ही तिन्ही भाऊ संगे चाला."

"आम्ही कसाले?"

"खाटिकसंगे भाव कोन करी? मी?"

तिघे निघाले. पुढं बेबाबाई, तिच्यामागं टिकली, टिकलीच्या मागं ओळीनं तीन भाऊ. सगळ्यांच्या माना सारख्याच खाली. वाटेत दर थोड्या वेळानं बेबाबाई वळून विचारी, "चक्कर तर नही ना येत?" आणि भावांना वाटे, ती टिकलीला विचारते आहे. बाजाराचं गाव आलं तशी ती बाजाराकडे न वळता थेट दवाखान्यात शिरली.

"या बाई!" डॉक्टरच्या कपाळाला पट्टी होती, पण चेहरा खुलला. "गेलं का औषध पोटात?"

"पोटमा गयं," बेबाबाई म्हणाली. ह्यात खोटं काही नव्हतं.

"बरं झालं आलात. शनिवारपासून माझ्या जिवाला चैन नाही, मुख्य गोष्टच सांगायची राहिली. त्या औषधानं लघवी लाल होते. रक्त नव्हे, औषधाचाच रंग. लोक उगीच घाबरतात. झाली ना लाल?"

मागं तिघे भाऊ दगडासारखे उभे राहिले.

"व्हयनी," बेबाबाई म्हणाली.

"छान! म्हणजे नीट पोचलं. आणि खाणंपिणं?"

बेबाबाईनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. "सकायपासून चहा बी लिधा नही."

"चहा?" डॉक्टर चकित झाला. "तुमची बकरी चहा पिते?"

"बकरी नही पेत, डाक्टरसाहेब. बकरीनी आजून औषध खायेलच नही."

डॉक्टरनं टिकलीकडे पाहिलं. टिकलीनं डॉक्टरकडे पाहिलं. मग त्याची नजर सावकाश वर गेली, आणि तिथं झुलालनं शाळेतल्यासारखा हात वर केला होता.

"वाटी मी ठेवेल व्हती देवीपुढे," बेबाबाई घाईनं म्हणाली. "चूक मनी. दुसरा कोनी नही." आणि मग वाटभर जे विचारायचं होतं ते तिनं एकदाचं विचारलं, "मरतीन का ह्या?"

डॉक्टर पांढराफटक पडला. त्यानं तिघांना ढोरांच्या बाकड्यावर ओळीनं बसवलं. नाड्या पाहिल्या, जिभा काढायला लावल्या, पोटं दाबली. झुलालच्या पोटावर त्याची बोटं रुतेनात. शेवटी त्यानं कपाळाचा घाम पुसला. "नशीब तुमचं! एका बकरीची मात्रा तिघांत वाटली गेली. पण हे माणसांनी खायचं नाही हो! पुन्हा कधी नाही. आता पाणी भरपूर प्या, दोन दिवस उन्हात जाऊ नका, आणि काही कमीजास्त वाटलं तर तडक माणसांच्या डॉक्टरकडे जा."

"म्हनजे मरत नही?"

"नाही, बाई."

"पक्कं?"

"पक्कं."

बेबाबाईनं श्वास सोडला. मग पदर खोचला, टिकलीला मागून ढकलून डॉक्टरपुढं उभी केली आणि म्हणाली, "मंग आते हिले द्या. बिनधोक द्या."

नाना बाकड्यावरून उठले. "म्हनजे तू आमनावर आजमाई दखं का व?"

"मी कसाले आजमाऊ? मी देवीले कौल मांगेल व्हता," बेबाबाई शांतपणे म्हणाली. "तिनी दिधा."

नाना पुन्हा बाकड्यावर बसले. देवीच्या विरुद्ध बोलावं तर कालचेच रोट अजून पोटात होते. खाटकाचं नाव मग कोणी काढलं नाही. डॉक्टरनं नवी भुकटी तोलली, स्वतः गुळाचा लाडू वळला, स्वतःच्या हातानं टिकलीच्या तोंडात घातला, आणि तो गळ्याखाली उतरेपर्यंत आजूबाजूच्या सगळ्या माणसांवर नजर ठेवून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी शेवग्याखालची माती लाल झाली. टिकली दचकून बाजूला सरली आणि कान टवकारून खाली पाहू लागली. तिघे भाऊ तिच्याभोवती जमले. झुलाल तिच्याजवळ उकिडवा बसला, पाठीवर हात फिरवला आणि इतक्या मायेनं बोलला की सुनंदा चुलीपुढून पाहतच राहिली. "घाबरू नको व बाई. काहीच नही व्हत. दोन दिनमा उतरी जास."

जबड्याखालची पिशवी ओसरत गेली. एका सकाळी टिकलीनं दोरी तोडली, कुंपणावरची वाळत घातलेली निंबाची बंडी अर्धी खाल्ली, आणि साखर वाटावी तशी ती बातमी बेबाबाईनं घरभर वाटली. एरवी आदळआपट करणारा निंबा उरलेली अर्धी बंडी हातात घेऊन नुसता हसला.

पण रतिलालचं तोंड कोण धरणार? बायकोला घेऊन निघताना त्यानं वेशीपर्यंतच्या प्रत्येक ओट्यावर पाणी प्यायला बसून सगळी हकीकत सांगितली होती. पावसाळा चालू होता, बकऱ्या घरोघरी दुखणाईत होत्या, आणि सरकारी औषध कितपत सुरक्षित हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक करून घ्यायला जागा सापडली.

पहिली आली शेजारची भिकूबाई. झुलाल ओसरीवर जेवत होता. तिनं त्याच्याभोवती एक फेरी मारली, दंड दाबून पाहिला, हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"दात दखाड रे भो."

झुलालनं दाखवले.

"चारापानी बराबर चाली राह्यनं ना याचं?" तिनं बेबाबाईला विचारलं.

"सात भाकरी व्हयन्यात."

"बेस. मना दोन्ही बकरेसले बी आन व माय हाई औषध." भिकूबाई वळली, पण पायरीवर पुन्हा थांबली. एका माणसावरून काय समजायचं? "निंबा कोठे शे? जित्ता शे ना तो?"

"जित्ता शे!" गोठ्यातून निंबा ओरडला.

"आनि नाना?"

नाना आतल्या खोलीत रुसून पडले होते. बकरीच्या औषधाची साक्ष द्यायला आपण उठणार नाही, असं त्यांनी कालच जाहीर केलं होतं. बेबाबाई दाराकडे पाहत राहिली. भिकूबाईनं कपाळाला आठी घातली आणि पदर सावरला. "मंग राहू दे. मोरचूदच पाजस."

तेव्हा आतून खोकल्याचा एक मोठा, खणखणीत, अगदी जिवंत आवाज आला.